बिनआवाजाचा कीबोर्ड

सोमवार, ३ नोव्हेंबर
कीबोर्ड साडेचारशेचा घेतला होता. आज खरा हिशेब केला. टाइप केलेल्या प्रतिज्ञापत्रात मात्रा सुटल्या म्हणून वाया गेलेला पाचशेचा स्टॅम्प पेपर, बदली स्टॅम्प पदरचा, तो पोचवायला नांदगाव पेठेपर्यंत गाडीचं पेट्रोल, वर पक्षकाराला कचोरी आणि चहा. दीड हजाराच्या पुढे गेलं. पक्षकार भला माणूस, ओरडला नाही. एवढंच बोलला, "सर, तुमच्या हातचं हाय म्हणून म्या वाचलंच नाही, सही ठोकून देल्ली." याची किंमत कुठल्या रकान्यात लिहू?
स्वस्तातला कीबोर्ड बास झाला. डावीकडचं मात्रेचं बटण बसलंय. दाबलं तरी कधी उमटतं, कधी नाही.
मंदा म्हणाली, "बटन बसलं का तुमचं ध्यान बसलं?"
बायको आहे, बोलणारच. पण मी उगाच उठून कीबोर्ड पुन्हा पुसला. कशाला, कळलं नाही.

बुधवार, ५ नोव्हें.
आमच्या ऋतूला (बीसीए शेवटचं वर्ष, डोक्यावर कायम हेडफोन) कीबोर्डचा विषय काढायचा अवकाश, पोरगी दोन तास बोलली. तिचं म्हणणं मेकॅनिकल घ्या. रबराचे ते फेकायचे. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, वेगळी स्प्रिंग. खराब झालं तर तेवढंच काढून बदलायचं.
"त्यात रंग असतात, बाबा. निळा टकटक वाजते. ब्राऊन वाजत नाही, पण बोटाले मधात थोडा अडते. लाल सरळ खाली जाते, चुपचाप."
"मंग गेमले कोणता अन् टायपिंगले कोणता?"
"गेमले लाल. टायपिंगले निळा. दोन्ही पायजे तं ब्राऊन."
"म्हंजे ब्राऊन घेतला की दोघंबी नाराज."
हसली. मग दिव्यांवर आली. बटणांच्या खालून उजेड येणारा पाहिजे, तोही रंग बदलणारा. मी म्हटलं, आपल्या टायपिंग क्लासच्या कीबोर्डांवर मराठीचे स्टिकर लावावे लागतात, तुझा उजेड स्टिकरखाली दबून मरेल. तर म्हणे, "तुमाले स्टिकर कायले पायजेत? तुमी तं पाहतच नाही."
हे मात्र खरं बोलली.
आकड्यांच्या पट्टीवरून वाद अर्धवट. मला गट नंबर, क्षेत्र, रकमा मारायच्या असतात, पट्टी पाहिजेच. तिला नको, माऊस फिरवायला जागा उरत नाही म्हणते. एक कीबोर्ड, दोन मालक. दुपारी माझा, संध्याकाळी तिचा, असं ठरलं.

शनिवार, ८ नोव्हें.
शनिवार म्हणून क्लासमध्ये कान-परीक्षा. भिंतीकडे तोंड करून बसलो. पोरं एकेक करून तोच उतारा मारतात, मी पाठमोरा सांगतो कोणाचं कोणतं बोट चुकलं. टाइपरायटरच्या मशीन होत्या तेव्हापासूनचा रिवाज. मशीनचा दणका ऐकून कळायचं त्यात नवल नाही. या रबराच्या बटणांवरही कळतं, पोरांना त्याचंच नवल.
बार्शीटाकळीची नवी मुलगी डाव्या अंगठ्याने स्पेस मारते. पहिल्या ओळीत पकडली. म्हणाली, "सर, तुमच्या मानंले डोळे हायेत का?" सगळा क्लास हसला.
मग पल्लवी मॅडम (क्लास आता बराचसा त्याच सांभाळतात) म्हणाल्या, "सर, नव्या बॅचनं तुमचा हात ऐकलाच नाही. एक पान होऊन जाऊ द्या."
म्हटलं, चष्मा घरी राहिला.
चष्मा खिशात होता.

रविवार, ९ नोव्हें.
क्लास बंद. एकटाच जाऊन बसलो. माझ्या टेबलावरचा कीबोर्ड काढला, दुसऱ्या रांगेतला लावला. एक पान मारलं. मात्रा सुटल्या. खिडकीजवळचा लावला. सुटल्या. पल्लवी मॅडमचा लावला, तो तर दिवाळीच्या आधी घेतलेला, कोरा.
इतक्या कीबोर्डांचं नेमकं तेच एक बटण कसं बसेल?
हा प्रश्न इथंच ठेवतो.

बुधवार, १२ नोव्हें.
ऋतूला घेऊन अमरावतीहून अकोला. गजूभाऊच्या दुकानात. गजूभाऊ माझा जुना सोबती. अकोल्याच्या भाजीबाजारात मी अडत्याकडे पहाटे तोलाई करायचो तेव्हा तो शेजारच्या गाळ्यात पोती उचलायचा. आता त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, माझा क्लास. हिवरखेडच्या वांग्याच्या वावरातून मी आणि पोत्याखालून तो, दोघंही कसे सुटलो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आजही सांगितलं.
त्याने तीन कीबोर्ड उघडून ठेवले. निळा, ब्राऊन, लाल. निळ्यावर बोटं ठेवली आणि काय सांगू, जुन्या मशीनचा जीव परत आल्यासारखा. प्रत्येक अक्षर स्वतःचं नाव सांगून उमटत होतं. गजूभाऊला म्हटलं, "आवाजाबिगर टायपिंग म्हंजे बिनमिठाची भाजी."
"घ्या मंग निळा."
ऋतूने डोळे वटारले. "हा घरात वाजला तं आई मले घराबाहेर काढीन. गेम खेळताना तं मशीनगन चालल्यावाणी वाजते हा."
गजूभाऊने दुकानातले दिवे घालवले आणि कीबोर्डचे लावले. सगळी बटणं पेटली. देवीच्या मंडपासारखं. ऋतू हरखली. मला हसू आलं. म्हटलं, "गजूभाऊ, हे दिवे ज्याले टायपिंग येत नाही त्याच्यासाठी हायेत. म्या पस्तीस वर्षांत बोटाकडे पाह्यलं नाही. आमच्या क्लासात पोरगं बोटाकडे पाहून राहिलं की हातावर पट्टी. उद्या डोळे गेले तरी माहं दुकान चालू राहीन."
दुकानातले दोघे गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होते. मला ते आवडलं, खोटं कशाला लिहू.
निर्णय झाला नाही. ऋतूने प्रत्येकावर मला तोच उतारा मारायला लावला, मोबाइलमध्ये आवाज भरून घेतले. घरी निवांत ऐकून ठरवू म्हणाली. हल्ली लोक असेच ऐकून कीबोर्ड घेतात म्हणे. मला पटलं. कानाने घ्यायची वस्तू कानाने घ्यावी.

रविवार, १६ नोव्हें.
लिहू की नको, असं करत दुपार गेली. लिहितो.
जेवणं झाल्यावर ऋतू म्हणाली, "बाबा, भिंतीकडे तोंड करा. आज तुमची कान-परीक्षा." मंदा पडवीत गव्हातले खडे काढत होती. मी भिंतीकडे तोंड केलं. ऋतू मोबाइलवर एकेक आवाज लावत गेली. तिचे, पल्लवी मॅडमचे (ते तिने कधी घेतले देव जाणे), इंटरनेटवरच्या कोणा परदेशी पोराचे, आणि मधेमधे माझे. कोणता कुणाचा, सांगितलं नाही.
रंग सगळे बरोबर ओळखले. हा निळा, हा लाल, हा ब्राऊन पण आत कमी तेल. मंदा म्हणाली, "माणसं ओळखा आता."
ओळखली. ही तू, वेलांटीवर धावतेस. या पल्लवी मॅडम, पूर्णविरामाआधी श्वास घेतल्यासारख्या थांबतात.
मग एक लागला. निळा कीबोर्ड. उजवा हात चांगला, तालीम झालेला, पण डावा मागे पडत होता. करंगळीशेजारचं बोट दर वेळी उशिरा, कधी नुसतं टेकून परत. लंगडं जनावर कळपामागून यावं तसं. मी हसलो. म्हटलं, "हा कोण ठोंब्या हाय? याच्या डाव्या हातात जीवच नाही. याची फी वापस करून द्या."
मागे कोणी हसलं नाही.
"ऋतू?"
"थे तुमीच आहा, बाबा."
वळलो नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे त्याचा खिळा बघत बसलो. मंदाचं सूप वाजायचं थांबलं होतं, मग परत वाजायला लागलं.

सोमवार, १७ नोव्हें.
मंदाला आणि ऋतूला म्हटलं, दुकानात गर्दी होती, टेबल उंच होतं. आज क्लासमध्ये स्वतःच स्वतःचा आवाज भरून घेतला, माझ्याच टेबलावर, माझ्याच खुर्चीत.
तोच लंगडा.
कान दगा देत नाहीत. आज पहिल्यांदा वाटलं, दिला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ नोव्हें.
काका आठवले. हिवरखेडचे, बाबांचे मोठे भाऊ. त्यांचा हात मांडीवर ठेवला तरी हलायचा, जसं बोटांत कोणी अदृश्य धान्य निवडतंय. शेवटी शेवटी काकू त्यांना बशीने चहा पाजायची आणि आम्ही पोरं दाराआडून बघायचो. अंगात वारं भरलं म्हणायचे लोक.
माझा हात हलत नाही. पाण्याचा भरलेला तांब्या धरून पाहिला. नाही हलत. पुन्हा धरला. मंदा म्हणाली, "तांब्या वजनानं घेऊन राहिले का इकत?"

गुरुवार, २० नोव्हें.
ऋतूने मला क्लासबाहेर गाठलं. म्हणाली, "तुमी डॉक्टरले दाखवा. दाखवलं तं मी आईले काही सांगत नाही, अन् आकड्याच्या पट्टीवालाबी चालते मले."
"अन् नाही दाखवलं तं?"
"मंग आईले सांगते का दुकानात गर्दी नव्हतीच."
सौदा करायला माझ्याकडूनच शिकली. कबूल केलं.
अमरावतीत नको. इथल्या दवाखान्यांत काउंटरवर बसणारी अर्धी पोरं-पोरी माझ्या क्लासच्या आहेत. दाखवून घरी पोचायच्या आत बातमी राजकमल चौकात पोचेल. समोरचा क्लासवाला आधीच माझ्या पोरांना बाहेर गाठून चहा पाजतो. परीक्षा तोंडावर. "सरांचा हात गेला" एवढं एक वाक्य पुरे.
अकोला बरं. कीबोर्डचं निमित्त आहेच.

मंगळवार, २५ नोव्हें.
अकोला. एकटा. घरी सांगितलं, कीबोर्ड पक्का करून आणतो.
दवाखान्यात नंबर लावून डोळे मिटून बसलो. भीती वाटली की मी डोळे मिटून ऐकतो, ती जुनी सवय. काउंटरवर कोणीतरी टाइप करत होतं. ऐकता ऐकता पाठ ताठ झाली. शब्द संपला की स्पेस उजव्या अंगठ्याने, हलका, लगेच. बाकीची बोटं जागेवर. हा हात माझ्या क्लासचा.
डोळे उघडले तर सुवर्णा. आमच्या जुन्या बॅचची, लग्न होऊन अकोल्याला आलेली.
"सर! तुमी इकडं? कोणाले आणलं?"
"मोठ्या भावाले."
"कुठं हायेत थे?"
"येऊन राहिले मागून."
तेवढ्यात आतून माझंच नाव पुकारलं. आडनावासकट, मोठ्याने.
सुवर्णाने मान खाली घातली आणि स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाली, "जा सर. मी नाही सांगत कोणाले." मी विचारलं, "तुले पट्टी मारली होती का म्या कधी?" "लय वेळा. बोटाकडे पाहून राहिली होती म्हणून."
डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. अंगठा आणि बोट टेकवत राहायला सांगितलं. उजवं चाललं. डावं आधी चाललं, मग लहान लहान होत गेलं, जसं कोणी दिव्याची वात खाली करतंय. मी बघत होतो आणि ते थांबवता येत नव्हतं. मग बाहेरच्या गल्लीत चालायला लावलं.
"चालताना तुमचा डावा हात हलत नाही."
"बरं नं मंग?"
"हलायला पाहिजे."
मग विचारलं, वास येतो का नीट. म्हटलं, येतो. आणि सांगताना आठवलं, मागे मंदाने ठेचा परतला तेव्हा सगळं घर खोकत होतं, मी एकटाच पेपर वाचत बसलो होतो. मंदा म्हणालेली, नाक गहाण ठेवलं का. आम्ही किती हसलो होतो. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. ते हसले नाहीत.
म्हणाले, मानेतली नस दबली असेल, फोटो काढू. नाहीतर कंपवाताची सुरुवात असू शकते. नसूही शकते.
"पण माहा हात तं कापत नाही डॉक्टरसाहेब!"
"सगळ्यांचा आधी कापत नाही. आधी मंदावतो."
गोळी दिली आहे. आधी अर्धी, मग पूर्ण.
मी विचारलं, गोळीनं बरा होईन ना. ते म्हणाले, "गोळीनं हात सुधारला, तर आजार तोच आहे असं धरू. नाही सुधारला, तर दुसरं काही शोधू."
म्हणजे मी कशाची इच्छा धरायची?
हे त्यांना विचारलं नाही. निघताना ते म्हणाले, "जड जातं ते काम डोळ्यांनी बघून करत जा, सोपं पडेल." मी म्हटलं, "टायपिंग पाहून करायचं नसते." ते हो म्हणाले, जसं हट्टी म्हाताऱ्याला म्हणतात.

तोच दिवस, बडनेऱ्याच्या गाडीने घरी परतताना
गजूभाऊकडे गेलो. कीबोर्ड घेतला. लाल. दिव्यांचा, आकड्यांच्या पट्टीसकट.
"सर, तुमी तं निळा म्हणून राहिले होते! बिनमिठाची भाजी खासान का आता?"
"पोरीले लाल पायजे."
पोरीला लाल पाहिजेच होता, खोटं नाही. पण घेतला माझ्यासाठी. मला तो लंगडा आवाज रोज ऐकायचा नाही. लाल काही सांगत नाही.
फलाटावर बसून माणसं पाहिली. शेंगदाणेवाला, पोलीस, सामान ओढणारी बाई, सगळ्यांचे हात चालताना हलत होते. पुढे मागे, पुढे मागे. कोणाचं लक्षही नव्हतं. इतक्या वर्षांत मीही कधी पाहिलं नव्हतं.
उठून डबा गाठला तेव्हा डावा हात मुद्दाम हलवत चाललो. एक पोरगं माझ्याकडे बघून हसलं. कवायत वाटली असेल.

बुधवार, २६ नोव्हें.
ऋतू खोकं उघडून: "एवढा मोठा? माऊस का डोक्यावर ठेवू?" पण दिवे लावून बसली आणि विसरली.
मी हळूच विचारलं, काही वाजतो का. "काहीच नाही," म्हणाली, आणि माझ्याकडे नको तितका वेळ बघत राहिली.
गोळी सुरू.

शनिवार, २९ नोव्हें.
मळमळ. डॉक्टर म्हणालेच होते. मंदाला सांगितलं, ताकदीची गोळी आहे.
कान-परीक्षा घेतली. बरोबर घेतली. पल्लवी मॅडम नंतर म्हणाल्या, "सर, परीक्षेपर्यंत बाहेरच्या टायपिंगचं जॉबवर्क मी करते, तुम्ही बॅचकडे बघा." चांगल्या मनाने म्हणाल्या की ऐकलं त्यांनी काही? की स्वतःचा क्लास काढायचा विचार आहे आणि गिऱ्हाईक ओळखीचं करून घेतायत? हो म्हटलं. मग घरी येईपर्यंत त्यांच्याबद्दल वाईट विचार करत आलो. पंधरा रुपये रोजाच्या काळापासून माणसं पारखून पुढे आलो, आता चांगलं वाक्य ऐकलं तरी त्यात खोट शोधतो.

मंगळवार, २ डिसें.
मानेचा फोटो निघाला. तो इथेच काढला, सकाळी, एका अनोळखी सेंटरवर. मोबाइलवरून अकोल्याला पाठवला. डॉक्टरांचा फोन: "थोडं दबलंय, पण वयानुसार असतं. यावरून काही पक्कं नाही."
किती आशा धरली होती त्या मानेवर. माणूस मान मोडलेली निघावी अशी प्रार्थना करतो का कधी? मी केली.

शुक्रवार, ५ डिसें.
मंदाला कळलं.
कळलं म्हणजे, आधीच माहीत होतं. सकाळी चहा घेताना मी म्हटलं, हल्ली कप पूर्ण का भरत नाहीस, दूध महागलं का. ती ओट्याला टेकून उभी राहिली.
"दसऱ्यापासून कमीच भरून राहिली मी. तुमाले आता दिसलं?"
"काहून?"
"बशीत सांडून राहिले होते तुमी. डाव्या हातानं धरला की."
"सांगितलं काहून नाही?"
"तुमी काहून नाही सांगितलं?"
मग दोघंही चहा प्यालो. ऋतूने सांगितलं का, विचारलं. "थे कायले सांगते? अकोल्याची गोळी अन् अकोल्याचं बिल, दोन्ही शर्टाच्या खिशात ठेवून कपडे धुवाले टाकते माणूस." एवढा हुशार मी.
काकांचं नाव तिनेच काढलं. म्हणाली, "काकांले कोणी वेळेवर दाखवलं नव्हतं." मी म्हटलं, दाखवून काय होतं. ती म्हणाली, "तुमी दाखवलं नं? मंग पाहू काय होते थे."
घाबरलेली नव्हती. किंवा माझ्यासमोर नव्हती. नंतर न्हाणीघरात नळ बराच वेळ सुरू होता. बादली केव्हाची भरली होती, भरल्या बादलीत पाणी पडलं की वेगळा आवाज येतो.

सोमवार, ८ डिसें.
पूर्ण गोळी सुरू होऊन काही दिवस झाले. रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा अंगठा-बोट, अंगठा-बोट. आज जरा बरं वाटलं.
बरं वाटलं की घाबरायचं, वाईट वाटलं की घाबरायचं.

बुधवार, १० डिसें.
आज वाईट. म्हणजे चांगलं? ऋतूला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुमी निकालच नाही लागला पायजे अशी परीक्षा देऊन राहिले."
नव्या कीबोर्डला हात लावलेला नाही. दुपार माझी ठरली होती, ती दुपारही तिचीच. बंद दाराआडून गेम चाललेला असतो आणि बटणांचा आवाज येत नाही, फक्त तिचं ओरडणं, "मागून ये, मागून ये, अबे मागून!" कोणाला तरी वाचवत असते.

शुक्रवार, १२ डिसें.
नांदगाव पेठेचा तोच पक्षकार आला. वारसाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. पल्लवी मॅडम म्हणाल्या मी करते. तो म्हणाला, "सरांच्याच हातचं पायजे, मागल्या बारीले त्याईनंच सुधरून देल्लं." रविवारी घरी करून देतो म्हटलं.

रविवार, १४ डिसें.
प्रतिज्ञापत्र झालं. एक पान, वर थोडं. आधी साध्या कागदावर काढलं. ऋतूने लाल पेन घेऊन तपासलं, दोनदा. एक मात्रा सुटलेली नाही. पेन तसंच झाकण लावून ठेवलं आणि ओरडली, "आई! बाबाचा हात आला!"
मंदा पिठाच्या हाताने बाहेर आली. कागद हातात न घेता वरूनच वाचला, ओठ हलवत. म्हणाली, "गोळी लागू पडली म्हणा." आणि आत गेली. गोळी लागू पडली याचा अर्थ तिला माहीत आहे, मीच सांगितला होता. तरी आवाजात आनंद होता, थोडासा. ऋतूने डॉक्टरांना फोन करू का विचारलं. म्हटलं, थांब, दोन-चार दिवस पाहू.
स्टॅम्पवर प्रिंट काढली. चांगली आली.
दोघींना सांगितलेलं नाही. खोलीचं दार लावून, कीबोर्डचे दिवे लावून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मी बोटांकडे बघून टाइप केलं.